दर्शनी भिंत

बाही अर्धी शिवून झाली होती, तेवढ्यात समोरची पहिली खिडकी लागली. आधी डावी झडप, मग उजवी, मग कडी. मी मशीन थांबवलं नाही. जरा वेळाने दुसरी लागली, तसा समोरच्या बांधकामावरचा नवा रखवालदार माझ्या दुकानात शिरला आणि कापडाच्या ताग्यांवरच बसला.

"ताई, वर कोणी नाहीये," तो म्हणाला.

"ठाऊक आहे. ताग्यांवरून उठा."

"अहो, वर मजलाच नाहीये!"

तेही ठाऊक होतं. बिचाऱ्याची पाचावर धारण बसली होती. मी त्याला स्टूल दिलं, पाणी दिलं, आणि सांगितलं की आता तिसरी लागायची नाही. तिसरी रात्रभर उघडीच असते. वारा असो, पाऊस असो, ती हलत नाही. तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू भूत समोर नाही, इथेच बसलंय.

समोर घर नव्हतं, घराचा चेहरा होता. ही नगरपालिकेची करामत. मालकाने घर पाडायला परवानगी मागितली, तेव्हा गल्लीने ओरड केली की घर जुनं आहे, वारशाच्या यादीत आहे, पाडू नका. मग नियोजन समिती पाहणीला आली. समितीची रीत अशी की पाहणी रस्त्यावरून करायची. आत पाय ठेवायचा नाही; आत गेलं की माणसं चहा देतात, रडतात, मन फिरतं म्हणे. तर सगळे सभासद माझ्या दुकानासमोर माना वर करून उभे राहिले. कमानी बघितल्या, खिडक्यांवरची नक्षी बघितली, माझ्याच पायरीवर बुटांची माती झाडली आणि गेले. निर्णय आला : दर्शनी भिंत राखावी, मागचं पाडावं.

हा निर्णय ज्या सभेत झाला, त्या सभेत सिस्टर बोलायला उभी राहिली होती. त्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारी हीच. सगळा जन्म इस्पितळात नर्स म्हणून गेला; अलीकडेच निवृत्त झाली तरी गल्ली तिला सिस्टरच म्हणते. तिचा नवरा घड्याळजी. खाली त्याचं दुकान होतं. सगळ्या गावाची घड्याळं बरोबर लावायचा आणि स्वतः जेवायला कधी वेळेवर यायचा नाही. तो आदल्या वर्षी गेला, त्याच वरच्या खोलीत, खिडकीजवळच्या खुर्चीत.

अध्यक्षबाई सिस्टरला समजावत म्हणाल्या, "बाई, तुमच्या घराचा चेहरा तर राहतोय ना?"

सिस्टर म्हणाली, "मी मेलेल्या माणसांचे चेहरे पुष्कळ पुसलेत. चेहरा राहतोच. माणूस राहत नाही."

अध्यक्षबाईंनी कागद उलटला. मग पुढचा विषय निघाला, कुठल्यातरी गॅरेजच्या पत्र्याचा.

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. इथे वासेच उचलून नेले. मागे एवढा मोठा खड्डा झाला आणि पुढची भिंत लोखंडी टेकूंवर उभी राहिली. खाली दार, वर तीन खिडक्या, आणि खिडक्यांतून दिसायचं ते आभाळ. सिस्टरला मी माझ्या दुकानावरची खोली दिली. खोलीच्या तीन खिडक्यांतली एक नेमकी समोरच्या तिसऱ्या खिडकीसमोर. मी म्हटलं, सिस्टर, पडदा शिवून देते, जाडसा. ती नको म्हणाली.

पाडकाम संपल्यावर आठवड्याभरात खिडक्या संध्याकाळच्या लागायला लागल्या. सकाळी पुन्हा उघड्या. कंत्राटदार म्हणाला वारा. मी काही शास्त्र शिकले नाही, पण वारा कडी लावत नाही एवढं कळतं. गल्लीने डोळ्यांवर कातडं ओढलं. मुलं अंधार पडायच्या आत घरी यायला लागली, तेवढाच फायदा झाला.

मला भीती वाटली नाही असं नाही. पहिल्या रात्री मी डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपले. पण आवाज ओळखीचा होता हो! लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हापासून ऐकत होते. घड्याळजी असाच खिडक्या लावायचा, सावकाश, शेवटची सोडून.

सिस्टरच्या वागण्यात मात्र एक गोष्ट मला खटकायची. ती गल्लीच्या तोंडाने कधी यायची नाही. बाजारातून येताना पिशव्या घेऊन अख्खा वळसा घालायची आणि मागच्या बोळातून माझ्या स्वयंपाकघरातून जिना चढायची. गुडघे दुखायचे, तरी तेच. मला वाटलं, पडकं घर बघवत नसेल. पण वरून तर ती रोज तेच बघत बसायची.

मग मालकाच्या बिल्डरने दुसरा अर्ज केला : खिडक्या विटांनी भरून टाकायला परवानगी द्यावी, झडपा पडून कोणाला इजा होईल. खरं कारण गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मागे बांधायचे फ्लॅट बघायला आलेली गिऱ्हाइकं संध्याकाळ झाली की पळत होती.

पुन्हा समिती आली, पुन्हा रस्त्यावर उभी राहिली. ह्या वेळी मी सिस्टरला हाताला धरून खाली आणलं, दुकानाच्या दारापर्यंत. उंबऱ्याच्या बाहेर काही ती आली नाही.

अध्यक्षबाईंनी वर बघितलं आणि हसल्या. "मला आठवतंय. मागच्या वेळी त्या तिसऱ्या खिडकीत एक गृहस्थ उभे होते. भिंगाचा चष्मा कपाळावर चढवलेला. मी वर बघितलं तर सारखे रस्त्याच्या टोकाकडे बघत होते. खरं सांगू? भिंत राखावी असं मला त्यांना बघूनच वाटलं. कुठे असतात ते आता?"

 मागच्या पाहणीच्या वेळी घड्याळजीला जाऊन चांगलं वर्ष होत आलं होतं. मी सिस्टरकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. लग्न ठरलेल्या मुलीसारखी ती लाजली होती, आणि मग तिचे डोळे भरून आले.

"इथेच असतात," ती म्हणाली.

"छान, छान," अध्यक्षबाई म्हणाल्या आणि गाडीत बसल्या.

समितीने परवानगी दिली. सोमवारपासून काम सुरू, असं रखवालदाराने येऊन सांगितलं. मी तर भडकलेच.

"सिस्टर, तुम्ही तोंड का नाही उघडलंत? तुम्हाला बोलायचा हक्क होता! मागच्या वेळी कशा ताडकन बोललात!"

ती माझ्या कटिंगच्या टेबलाशी बसून खडूचे तुकडे एका ओळीत लावत होती.

"काय सांगणार होते मी त्यांना? तुला कळलं का, तिसरी का लागत नाही ते?"

"कडी गंजली असेल."

"गप गं. माझी ड्यूटी उशिरा सुटायची. ते दोन खिडक्या लावून तिसरीत उभे राहायचे. मी गल्लीच्या तोंडाशी दिव्याखाली आले की त्यांना दिसायचे. मग ते तिसरी लावून दार उघडायला खाली यायचे. सगळं आयुष्य हेच. एक दिवस मी दाराशी आले तरी खिडकी उघडीच होती. मला खालूनच कळलं."



"म्हणून तुम्ही मागच्या बोळातून येता?"

"मी समोरून आले तर ते लावतील ना तिसरी! मग संपलंच की." ती खडूकडे बघत राहिली. "मी स्वार्थी झाले गं. म्हटलं, बघू देत वाट. निदान आहेत. मी वरून त्यांच्याकडे बघते, ते टोकाकडे बघतात. पण आता विटा लावणार. भिंत भरल्यावर त्यांना टोक दिसणार नाही. मी आलेली कळणारच नाही कधी. आत तसेच उभे राहतील."

मला रडू कोसळलं.  उगीच तिच्या खांद्यावरचा दोरा झटकला.

रविवारी संध्याकाळी सिस्टर तयार होऊन खाली आली. केस विंचरलेले, पायांत इस्पितळातले जुने पांढरे बूट, खांद्याला पर्स. मी सोबत येऊ का विचारलं. "ड्यूटीवरून येताना कोण होतं माझ्यासोबत?" ती म्हणाली, आणि मागच्या बोळातून निघून गेली.

मी दुकानाच्या दारात उभी राहिले. रखवालदार माझ्यामागे उभा होता. पहिली खिडकी लागली. दुसरी लागली. गल्लीच्या टोकाचा दिवा तेवढ्यात पेटला, आणि दिव्याखाली सिस्टर आली.

ती थांबली, तिने मान वर केली आणि पर्स ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. मग चालायला लागली. गुडघ्यांमुळे पाय ओढत चालायची ती. त्या दिवशी भराभर आली. मला वर बघायचं धाडस होत नव्हतं, पण बघितलं. खिडकीत आभाळ होतं, बाकी काही नव्हतं. ती गल्लीच्या निम्म्यावर आली, तेव्हा तिसऱ्या खिडकीची डावी झडप हलली. मग उजवी. मग कडीचा आवाज. रखवालदाराने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला.

सिस्टर दाराशी पोचली. दाराला बाहेरून बिल्डरचं भलं मोठं कुलूप होतं, साखळी होती. मागे खड्डा. ती पायरीवर उभी राहिली. आतून, जिना नव्हता तिथून, पावलं खाली उतरत आली. सावकाश, एक पाय जरा जड टाकत. दारापलीकडे थांबली.

"आले हो," सिस्टर म्हणाली. "झोपा आता."

मग काही ऐकू आलं नाही. ती थोडा वेळ दाराला हात लावून उभी होती. नंतर रस्ता ओलांडून सरळ माझ्या पुढच्या दारातून आत आली.

सकाळी गवंडी आले. खिडक्या भरायला त्यांना दुपार झाली. झडपा बाहेरून तशाच बंद ठेवल्या, मागे विटा. नगरपालिकेचा माणूस येऊन रस्त्यावरूनच बघून गेला आणि छान झालंय म्हणाला. गल्लीतली मुलं परत उशिरापर्यंत बाहेर खेळायला लागली.

आता संध्याकाळी माझ्या माडीवरच्या खिडक्या लागलेल्या मला खाली ऐकू येतात. तीन आहेत तिथेही. सिस्टर दोन लावते. तिसरी उघडी ठेवून ती रस्त्याच्या टोकाकडे बघत उभी राहते, आणि मी खाली मशीन जरा हळू चालवते.