सैल झाकण

“फेका तो,” मिस्त्री म्हणाले. “झाकणावर तारीख नाही, म्हणजे तो डबा आपला नाही.”

नवा कारागीर म्हणाला, अर्धा भरलाय अजून. मिस्त्रींनी डबा त्याच्या हातून घेतला आणि स्वतःच टाकून दिला. फर्निचरच्या त्या कारखान्यात इपॉक्सी गोंदाचे डबे त्यांच्याशिवाय कुणी फोडायचे नाहीत. रेझिन आणि ते घट्ट व्हायला त्यात मिसळायचा हार्डनर, दोन्हींवर उघडल्याची तारीख ते स्वतः लिहीत आणि ऊन न येणाऱ्या भिंतीशी खालच्या फळीवर ठेवत. थंडीने रेझिन दाणेदार झालं तर गरम पाण्यात ठेवून वापरायला त्यांची ना नव्हती. पण हार्डनरचं झाकण सैल दिसलं की डबा बाद, मग तो कालच का आणलेला असेना. स्वतःच्या लग्नाची तारीख विसरतील पण डब्याची नाही, अशी थट्टा चाले. मिस्त्रीही हसत. कारण मात्र त्यांनी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वी त्यांनी थोरल्या बहिणीच्या माळ्यासाठी शिडी केली होती. हार्डनर जुना, उन्हाच्या खिडकीत झाकण सैल ठेवून पडलेला. बहिणीने घाई लावली होती आणि नवा आणायचा यांना कंटाळा आला. दुसऱ्या दिवशी वाटीत उरलेला गोंद नखाने दाबला तर मऊच. थंडी आहे, वाळेल हळूहळू, असं म्हणून त्यांनी शिडी पोहोचवली. चौथ्या दिवशी वरची पायरी निखळली. दाजी खाली पडले ते उठलेच नाहीत. लोक म्हणाले, वेळ आली होती. मिस्त्रींनी मान हलवली. तेव्हापासून ते खुर्चीत बसायच्या आधी तिचे सांधे चाचपतात, आणि घरात कुणी स्टुलावर चढलं की त्यांना ते खाली येईपर्यंत दम धरवत नाही.

डबा फेकला त्याच दुपारी बहीण टेम्पोतून तीच शिडी घेऊन आली. मुलीने घराची दुरुस्ती काढली होती, माळा पाडायचा होता. टेम्पोवाल्याने शिडी भिंतीला टेकवली, सुटी पायरी खाली ठेवली आणि तो बाहेर जाऊन बसला. मिस्त्रींनी पायरी उचलली. जोडाची जागा चकचकीत होती, लाकडाचा एक धागाही उपटलेला नव्हता. चांगला जोड तुटतो तेव्हा लाकूड घेऊन तुटतो. नीट करून देतो, असं काहीतरी पुटपुटत ते डब्यांच्या फळीपर्यंत गेले आणि तसेच परत आले.

“ताई, गोंद खराब होता. मला माहीत होतं.”

ती मांडीवरच्या पिशवीकडे बघत राहिली. “मलाही.”

दाजींच्या अंगाखालून ती पायरी तिनेच काढली होती. गोंद अजून ओलाच होता, बोटांना लागला. साबणाने गेला नाही, रॉकेलने गेला नाही. भेटायला आलेली माणसं तिचा तोच हात हातात घेत होती. भाऊ आज बोलेल, उद्या बोलेल, म्हणून ती थांबली. मग वर्षं गेली. हे सगळं तिने दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं सांगितलं.

“मग विचारलं का नाहीस?”

“तू हो म्हणाला असतास. मग तुला घरात कसं घेतलं असतं मी? एका दमात दोघंही गेले असते माझे.”

मिस्त्री रडले. तिने त्यांना रडू दिलं, पाठीवर हात ठेवला नाही. बऱ्याच वेळाने ते डोळे पुसून म्हणाले, संध्याकाळपर्यंत शिडी जोडून ठेवतो.

“जोडायला नाही आणली,” ती उठत म्हणाली. “अकरा वर्षं मी सांभाळली. आता तुझ्याकडे राहू दे.”

ती टेम्पोत चढताना त्यांनी हात पुढे केला. तिने तो धरला, नीट बसली, आणि रविवारी दोघं जेवायला या म्हणाली, नेहमी म्हणायची तसंच. टेम्पो गेला.

आत नव्या कारागिराने विचारलं, ही शिडी कुठे ठेवायची. मिस्त्री म्हणाले, राहू दे तिथेच. मग त्यांनी सुटी पायरी उचलली आणि ती कुठे ठेवावी हे न सुचून कितीतरी वेळ तशीच हातात धरून उभे राहिले.