पिटुकलीने लावलेला क्रम

लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिले काही दिवस मला वाटत होतं, 'आमचा' म्हणजे कुणीतरी चुलतसासरे असावेत. जेवताना सासरे म्हणायचे, "आमच्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, वाचलंस का?" मी सुनेला शोभेल अशा काळजीने विचारलं, "कुठे असतात ते?" नवऱ्याला ठसका लागला.

'आमचा' म्हणजे पन्नासहून जास्त वर्षं पडद्यावर असलेला तो नट. सासऱ्यांनी कॉलेजात असताना त्याचा 'पोलादी पूल' पाहिला आणि त्यातल्यासारखी मिशी ठेवली. झुपकेदार, वरच्या ओठावर पडद्यासारखी उतरलेली. मिसरूड फुटल्यावर नवऱ्यानेही तीच परंपरा चालवली. सासूबाई म्हणतात, "ह्यांना वरचा ओठ आहे असं ऐकून आहे. मी काही पाहिलेला नाही."

या वर्षी आमचा ऐंशीचा होणार होता. ज्या वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीसाठी मी घरून लिहिते, तिथल्या संपादकबाईंचा फोन आला. "त्याचे दहा सिनेमे, पहिला ते दहावा. प्रत्येकाला एक परिच्छेद. आणि हो, गुळमुळीत नको. वाचून लोकांनी भांडलं पाहिजे."

बाळंतपणानंतरचं हे पहिलं मोठं काम होतं. मी लगेच हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर घाबरले, कारण माझं डोकं तेव्हा सिनेमात नव्हतं. ते पिटुकलीच्या कानांत होतं.

पिटुकली दीड वर्षाची झाली तरी बोलत नव्हती. हाक मारली की कधी वळायची, कधी नाही. या 'कधी'ने मला पोखरलं होतं. अजिबात वळली नसती तर निदान एक उत्तर मिळालं असतं. मी तिच्या मागे जाऊन वाटी आपटायचे, ती वळायची, मला हायसं वाटायचं. संध्याकाळी पुन्हा हाक मारायचे, ती ढिम्म. डॉक्टरांनी तिच्या बाजूला टाळी वाजवली, ती वळली, ते म्हणाले, "कान उत्तम आहेत. आईला झोपेची गरज आहे."

घरातही तेच. सासूबाई म्हणायच्या, "हिचा बाप तीन वर्षांचा होईपर्यंत तोंडात गुळणी धरून बसला होता. आता थांबतोय का?" नवरा म्हणायचा, "तू ते फोनवर वाचणं बंद कर. आजार वाचून वाचून पाठ झालेत तुला."

त्यामुळे मी बोलणं बंद केलं होतं. बघणं चालूच होतं.

दुपारी जेवणं आटोपली की आम्ही सिनेमा लावायचो. मी वही घेऊन खुर्चीत, सासरे दिवाणावर, पिटुकली खाली चटईवर. सुरुवात अर्थातच 'पोलादी पूल'ने झाली. सासऱ्यांनी आवाज इतका वाढवला की शेजारच्या काकू ओरडल्या, "आम्हालाही तिकीट लावणार का?" पुलावर गर्दी चालून येते आणि आमचा एकटा मध्ये उभा राहून म्हणतो, "पूल पडला, तर माझ्यासकट पडेल." सासरे त्याच्याबरोबर म्हणाले.

पिटुकलीने पडद्याकडे पाठ केली आणि दाराला लावलेली लाकडी पाचर काढायला गेली.

"नातीला कळत नाही अजून," सासरे म्हणाले, पण त्यांना लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी 'सुट्टीवरचा न्यायाधीश' लावला. तो मी फक्त शेरा मारण्यापुरता बघणार होते. आमच्याने त्यात दाढीमिशी तुळतुळीत उतरवून एका विसराळू न्यायाधीशाचं काम केलंय. सिनेमा आठवडाभरही चालला नव्हता. पिटुकली सरकत सरकत टीव्हीपाशी गेली आणि तिथेच बसली. तोंड उघडं, लाळ गळतेय, हातातलं बिस्किट भिजून खाली पडलंय. मध्ये दूध आणलं तर माझा हात बाजूला सारला.

"हे रत्न आपल्या घरात कुठून आलं?" सासरे म्हणाले. "पूल सोडून हा फालतूपणा बघतेय!"

मग त्यांनाच गंमत वाटायला लागली. रोज सिनेमा संपला की ते पिटुकलीचा निकाल जाहीर करायचे. 'कंदिलवाला', ज्यासाठी आमच्याला मोठा पुरस्कार मिळाला, तो पाच मिनिटांत नापास. 'भाड्याचा भाऊ', जो कुणाच्या लक्षातही नाही, तो पास. 'दोन शाळांचा मास्तर' मध्यंतरापर्यंत डोळ्यांची पापणी न लववता पाहिला आणि नंतर उठून माझ्या वहीची पानं चुरगाळायला आली.

"मध्यंतरानंतर सिनेमा घसरतो, असं तेव्हाही सगळ्यांनी लिहिलं होतं," सासरे म्हणाले. "पोरगी समीक्षक होणार. तुझ्या पोटावर पाय आणणार बघ."

संध्याकाळी नवरा आला की दारातूनच हाक मारायचा. ती बघायची, हसायची, हात वर करायची. त्याने उचलून घेतलं आणि बोलायला लागला की तिचं लक्ष उडायचं, मान माझ्याकडे वळायची. "बायकोवर गेलीय," तो म्हणायचा. "मी बोलायला लागलो की तोंड फिरवते."

संपादकबाईंनी सिनेमांतली छायाचित्रं पाठवली. मी ती खालच्या दुकानातून छापून आणली, म्हणजे पुढेमागे सरकवून क्रम ठरवता येईल. रविवारी सकाळी ती जेवणाच्या टेबलावर मांडली. मी 'कंदिलवाला' पहिला ठेवला. सासऱ्यांनी तो उचलून 'पोलादी पूल' तिथे ठेवला. मी म्हटलं, "बाबा, नाव माझं छापून येणारे." ते म्हणाले, "म्हणूनच सांगतोय, सूनबाई. लोक घरी येतील मारायला."

"तुमचं दोघांचं झालं," सासूबाई म्हणाल्या. "आता माझ्या नातीचा क्रम लावा की."

नवऱ्याने हसत हसत लावला. वर 'न्यायाधीश', मग 'भाड्याचा भाऊ', मग आणखी दोन पडेल सिनेमे. मध्ये 'मास्तर'. त्याची दोन छायाचित्रं होती, एक तरुण मास्तराचं, एक मध्यंतरानंतरचं. खाली सगळे गाजलेले.

सासूबाईंनी चष्मा लावून पाहिलं. "अगं बाई! हिला मिशी आवडत नाही. आजीवर गेलीय माझी गुणाची ती."

सगळे हसले. मीही हसले आणि हसता हसता थांबले. वरच्या ओळीतला प्रत्येक चेहरा गुळगुळीत होता. खालच्या ओळीतल्या प्रत्येक चेहऱ्याला मिशी, ओठ झाकणारी. मधल्या मास्तराला मध्यंतरापर्यंत मिशी नव्हती.

पिटुकली चटईवर चेंडू घेऊन बसली होती. मी तिच्यासमोर मांडी घातली. हाताशी एक मासिक होतं, ते तोंडासमोर धरलं आणि म्हटलं, "चेंडू दे."

हा आमचा रोजचा खेळ. रोज ती देते. आता तिने माझ्या डोळ्यांकडे पाहिलं, मग मासिकाकडे. मी मोठ्याने म्हटलं, "चेंडू दे!" ती मासिकावरचं चित्र बघत राहिली.

"मासिकाला बिचकली असेल," नवरा म्हणाला.

मी मासिक खाली ठेवलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी पुन्हा ओठ हलवले. तिने लगेच चेंडू माझ्या मांडीवर टाकला.

"दिला की!" सासरे म्हणाले. मग त्यांच्या कपाळावर आठी पडली. "पण आत्ता तू काही बोललीच नाहीस."

"तेच तर, बाबा. मी आवाज काढलाच नाही."

सासरे म्हणाले, "पुन्हा कर." मी पुन्हा केलं. मग सासूबाईंनी करून पाहिलं. मग नवरा खाली बसला, ओठ हलवले, आणि ती त्याच्या मिशीकडे बघत राहिली, जसं बंद दाराकडे बघावं तसं. त्याने आणखी दोनदा केलं. मग तो उठून मोरीत गेला. नळ बराच वेळ चालू होता. बाहेर आला तेव्हा नाकाखालची पट्टी उन्हात न गेलेल्या त्वचेसारखी पांढरी होती आणि एका जागी कापलं होतं. पिटुकली आधी माझ्या गुडघ्यामागे लपली. तो म्हणाला, "पिटुकले." ती हळूहळू बाहेर आली आणि त्याच्या तोंडाकडे टक लावून उभी राहिली. त्याने पुन्हा म्हटलं. पुन्हा. ती हलली नाही. तोंड फिरवलं नाही तिने.

कान तपासणाऱ्या बाईंची खोली भिंतींना गाद्या लावल्यासारखी होती. पिटुकली माझ्या मांडीवर, दोन्ही बाजूंना आवाज काढणाऱ्या पेट्या. आवाज झाला की पेटीवरचं खेळण्यातलं अस्वल उजळायचं. आवाज वाढत गेले, माझ्या छातीत धडधडायला लागलं इतके वाढले, तेव्हा कुठे ती वळली.

बाईंनी साध्या शब्दांत सांगितलं. दोन्ही कानांना कमी ऐकू येतं. ढोलासारखा जाड आवाज थोडा पोचतो, बोलणं पोचत नाही. आधी कानाला यंत्रं लावू, किती उपयोग होतो ते बघू, कदाचित पुढे शस्त्रक्रिया. तिला बोलायला शिकवावं लागेल, घरातल्या सगळ्यांनी.

"मग ती कधी कधी वळायची ते कसं?" मी विचारलं.

"टाळी वाजवताना हाताची सावली हलते. वाटी आपटली की जमीन थरथरते. मूल हुशार आहे, सगळं वापरतंय. ओठ तर पुस्तकासारखे वाचतेय. प, ब, म तिला छान दिसतात, ओठ मिटतात ना. क, ग घशात होतात, ते दिसत नाहीत." त्या लिहिता लिहिता थांबल्या. "घरात कुणाला मिशी आहे?"

नवऱ्याचा हात आपोआप ओठावर गेला. "होती."

"एक उरलीय," मी म्हटलं.

घरी नवऱ्याने सगळं सांगितलं. सासऱ्यांनी ऐकून घेतलं. "यंत्र बसवणारच आहेत ना? मग ऐकेल की."

"आणि तोवर?" सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी वर्तमानपत्र उघडलं. त्यानंतर ते पिटुकलीसमोर बसायचे बंद झाले. तिच्यासाठी दिवाणाखालून चेंडू काढून द्यायचे, बुटाची नाडी बांधून द्यायचे, पण बोलायचे नाहीत. पूर्वी दिवसभर बडबडणारा माणूस. मला राग येत होता आणि कीवही. एका मिशीपायी एवढं? पण ती त्यांच्या तोंडावर माझ्या जन्माच्या आधीपासून होती.

यादी तर द्यायचीच होती. एका दुपारी मी एकटीने टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून सिनेमे पुन्हा चाळले. तिला काय दिसतं ते बघायचं होतं. 'कंदिलवाला' आवाजाशिवाय नुसता कंदील उरला. 'न्यायाधीश' मात्र जसाच्या तसा. आमचा त्यात एक खोटं बोलतो आणि खालचा ओठ किंचित आत घेतो, हे मी आवाज असताना कधी पाहिलंच नव्हतं. मी तो चौथ्या क्रमांकावर नेला आणि मनापासून नेला. मुलीची दया म्हणून नाही. पहिला 'पोलादी पूल'च ठेवला, कारण आवाज बंद करूनही तो उभा राहणारा माणूस पुलासारखा दिसत होता. तोंड दिसलं नाही म्हणून काय झालं, त्याच्या खांद्यांवरून कळत होतं.

संपादकबाई फोनवर किंचाळल्या. "न्यायाधीश? चौथा? लोक भांडतील!"

"तुम्हालाच हवं होतं," मी म्हटलं.

रविवारी पुरवणी आली. सासऱ्यांनी उभ्याउभ्याच वाचली, घडी करून खिशात घातली आणि चपला घालून निघून गेले. तासाभराने बेल वाजली. सासूबाईंनी दार उघडलं आणि विचारलं, "कोण पाहिजे आपल्याला?"

"बास झाला चावटपणा," सासरे म्हणाले, आणि आत आले. त्यांचा वरचा ओठ पातळ होता, नवऱ्यासारखाच मध्ये खोल. सासूबाई चष्मा काढून पदराने पुसत राहिल्या.

ते चटईवर बसले. गुडघे कुरकुरले. पिटुकलीने त्यांना ओळखलं नाही. मग त्यांचा हात ओळखला, त्यावरचं घड्याळ ओळखलं, आणि वर तोंडाकडे पाहिलं. ते म्हणाले, सावकाश, एकेक शब्द सुटा करून:

"पूल पडला, तर माझ्यासकट पडेल."

ती बघत राहिली. त्यांनी पुन्हा म्हटलं. तिसऱ्या वेळी तिचे ओठ मिटले आणि उघडले. आवाज आला नाही, नुसता वारा आला. पुन्हा मिटले, पुन्हा उघडले.

"यात तीन प आहेत," सासरे माझ्याकडे न बघता म्हणाले. "आणि एक म. मी न्हाव्याच्या खुर्चीत बसून मोजले. तुझा पहिला नंबर बरोबर आहे." मग घसा खाकरून पिटुकलीकडे वळले. "हं. पुन्हा. पूल."