कोणी हात लावला?

रत्नागिरीत नाचणे रोडला एका चार मजली इमारतीत आनंदीबाई एकट्या राहतात. मालगुंडकडच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवून त्या निवृत्त झाल्या. मुलगा संदेश बोटीवर नोकरीला. वर्षातले आठ महिने समुद्रावर. बोटीवरची पहिली फेरी करून आला तेव्हा त्याने आईसाठी भलामोठा प्लाझ्मा टीव्ही आणला होता. जड इतका की दोन माणसांनी धरून वर चढवावा लागला, आणि तासभर चालला की पाठीमागून शेगडीसारखा तापायचा. आता असले टीव्ही कोणी बनवतही नाही. संदेश दर सुट्टीत म्हणायचा, "आई, नवा घेऊ या." आनंदीबाई म्हणायच्या, "हा चालतोय ना, मग राहू दे."

घरकामाला सोळा वर्षं चंपा यायची. ती सकाळी यायची ती थेट स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकायची, दोन कपांत. संदेशचं लग्न, बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं तिने पाहिलं होतं. ऑपरेशननंतर पंधरा दिवस ती आपलं घर सोडून इथे झोपायला होती.

गेल्या मार्चमधला एक रविवार. तिसऱ्या मजल्यावरची नऊ वर्षांची राही एका मराठी वाहिनीवर नाचणार होती. इमारतीत सर्वांत मोठा टीव्ही बाईंचा, म्हणून साऱ्या बायकांनी तिथेच जमायचं ठरवलं. चंपाची खरं तर रविवारी सुट्टी. पण राहीचा नाच म्हटल्यावर ती आपणहून आली. घर झाडलं, टीव्ही पुसला, पोह्यांना फोडणी दिली.

चार वाजता अकरा बायका खुर्च्यांवर, दिवाणावर, खाली सतरंजीवर दाटीवाटीने बसल्या. आनंदीबाईंनी रिमोट दाबला. टीव्ही टक् करून वाजला. लाल दिवा लुकलुकला. पडदा काळाच राहिला. पुन्हा दाबला. पुन्हा टक्. राहीची आई घड्याळाकडे बघू लागली.

"चंपा!" त्या ओरडल्या. "ओल्या फडक्याने पुसलास ना? शंभरदा सांगितलंय तुला!"

चंपा पोह्यांच्या बशा घेऊन दारात उभी होती. "नाय ओ बाई. कोरड्या फडक्यान पुसलंय."

"मग काय आपोआप बंद पडला? सकाळी चालू होता, तू हात लावलास आणि बंद पडला!"

सगळ्यांच्या नजरा चंपाकडे वळल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या सावित्रीवहिनी हळूच म्हणाल्या, "आमचा मिक्सर पण गेल्या महिन्यात असाच जळला." वहिनींच्या घरीही चंपाच कामाला होती.

चंपाने बशा टेबलावर ठेवल्या. पदराने हात पुसले आणि चपला घालून निघून गेली. राहीचा नाच सगळ्यांनी एका मोबाइलवर माना वाकवून पाहिला.

सोमवारी चंपा आली नाही. मंगळवारी सावित्रीवहिनी जिन्यात भेटल्या. "मी तिला सांगून टाकलं, नको येऊस म्हणून. उगाच जोखीम कशाला?" त्या म्हणाल्या. इतकं व्हावं असं आनंदीबाईंना वाटत नव्हतं. पण त्या नुसती मान हलवून पुढे गेल्या.

कंपनीला फोन केला तर पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, वॉरंटी केव्हाच संपली आहे, या मॉडेलचे पार्ट येत नाहीत, तुम्ही नवा घ्या." बाजारातला एक दुकानदार तर न बघताच म्हणाला, "पॅनल गेला. भंगारात द्या." शेवटी कोणीतरी आम्रपालीचा नंबर दिला. आयटीआय करून मारुती मंदिरापाशी दुरुस्तीचं छोटं दुकान टाकलेली बाई. जुने टीव्ही उघडून बघते, म्हणाले.

गुरुवारी सकाळी स्कूटरवरून आम्रपाली आली. पस्तिशीची, केस घट्ट बांधलेले, पाठीला हत्यारांची पिशवी. आल्या आल्या तिने प्लग काढला आणि खुर्चीत बसून राहिली.

"सुरू कर ना," आनंदीबाई म्हणाल्या.

"थांबा काकू. प्लाझ्मात प्लग काढल्यावरही करंट साठून राहतो. घाई केली तर मी जाईन, टीव्ही राहील." ती हसली. "तोवर सांगा, काय झालं?"

"काय होणार! कामवालीने ओलं फडकं मारलं आणि बंद पडला."

आम्रपालीने पिशवीतून स्क्रू-ड्रायव्हर काढला. थोड्या वेळाने तिने मागचं झाकण उघडलं, टॉर्च मारला, आणि बराच वेळ आत बघत राहिली.

"काकू, जरा या इकडे. हे उभे डबे दिसतात ना, छोटे, गोल? यांना कपॅसिटर म्हणतात. यांची डोकी सपाट असायला हवीत. या चारांची बघा."

आनंदीबाईंनी चष्मा सारखा केला. चार डब्यांची डोकी पुरीसारखी फुगली होती.

"हे एका दिवसात होत नाही. वयाने होतं, उष्णतेने होतं. पाणी गेलं असतं तर इथे डाग पडला असता, गंज धरला असता. आत कोरडं ठणठणीत आहे." तिने टॉर्च विझवला. "बंद पडायच्या आधी टीव्ही उशिरा लागायचा का? दोन-तीनदा बटण दाबावं लागायचं?"

आनंदीबाई उत्तर द्यायला गेल्या आणि थांबल्या. लागायचं! दिवाळीपासून दाबावं लागत होतं. "म्हातारा झालाय माझ्यासारखा, वेळ घेतो," असं त्या स्वतःच चंपाला हसत हसत म्हणाल्या होत्या. हे सगळं त्यांना ठाऊक होतं. मग रविवारी, अकरा बायकांसमोर, ते आठवलं का नाही?

"लागायचं," त्या खाली बघत म्हणाल्या.

आम्रपालीने पार्ट जोडायची सोल्डरिंगची गन तापत ठेवली. "मी आठवड्यात चार-पाच घरांत जाते काकू. प्रत्येक घरात पहिला प्रश्न एकच. कोणी हात लावला? जावयाने लावला असेल तर मशीनच खराब. नातवाने लावला असेल तर पोर आहे, असू दे. आणि कामवालीने लावला असेल तर तिनेच बिघडवलं. बिघाड तोच असतो. हात बदलला की निकाल बदलतो."

"माझ्या मनात तसं काही नव्हतं गं."

"नसेलच. म्हणून तर सवय म्हणायचं त्याला. मनात काही नसताना तोंडातून आलं."

आनंदीबाई दिवाणावर बसल्या. वर्गात कोणाचा कंपास हरवला तर पुराव्याशिवाय त्यांनी कधी कोणा मुलाचं नाव घेऊ दिलं नव्हतं. चौतीस वर्षांत एकदाही नाही. आणि इथे, स्वतःच्या घरात? जिने आपल्याला धरून संडासापर्यंत नेलं, तिला एका मिनिटात गुन्हेगार ठरवून मोकळ्या झालो!

तासाभराने चारही कपॅसिटर बदलून आम्रपालीने झाकण बसवलं. रिमोट दाबला. पडदा उजळला, बातम्या सुरू झाल्या. आनंदीबाईंनी तिकडे पाहिलंही नाही. त्यांनी मोबाइल हातात घेतला होता. "चंपाला फोन करते. म्हणते, ये उद्यापासून."

"फोनवर?" आम्रपाली हत्यारं भरता भरता म्हणाली. "बोललात तेव्हा ती समोर होती ना?"

आनंदीबाईंनी मोबाइल ठेवला आणि रिक्षा बोलावली.

चंपाचं घर खालच्या वाडीत. ती अंगणात बसून सुपातली सुकट मासळी निवडत होती. बाईंना पाहून उठली. पाट आणून दिला, तांब्याभर पाणी दिलं, आणि पुन्हा सुकट निवडू लागली.

"चंपा, टीव्ही दुरुस्त झाला. आतला पार्ट जुना होऊन गेला होता. तुझा काही दोष नव्हता. माझं चुकलं."

चंपाची बोटं थांबली. "बाई, येक विचारू? टीव्ही लागला म्हणून तुमी आलाव. नसता लागला तर?"

आनंदीबाईंना वाटलं, म्हणावं, आलेच असते गं. पण जिच्याशी सोळा वर्षं चहा घेतला तिच्याशी खोटं कसं बोलायचं?

"नसते आले," त्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरले.

मग चंपाने सूप बाजूला सारलं. "खरा बोललाव, ह्या बरा केलाव," ती म्हणाली. "मला टीव्हीचा कायच नाय वाटला. मी सांगतंय कोरडा फडका व्हता, तर तुमी माझ्या तोंडाकडं बघितलाव पन नाय. सोळा वर्सं माझा शब्द कधी खोटा निघाला?"

"कधीच नाही."

"मग?"

आनंदीबाईंनी पुढे वाकून तिचे दोन्ही हात धरले. सुकटीच्या वासासकट. "मी त्या सगळ्या बायकांना पुन्हा बोलावते. तुझ्यासमोर माफी मागते."

चंपाने मान हलवली. "नको बाई. मला परत त्यांच्यापुढं उभी नका करू. येकदा उभी ऱ्हायलंय तेवढा पुरे. सांगायचा तर तुमीच सांगा. मी नसताना."

त्या संध्याकाळी आनंदीबाईंनी काठी घेतली आणि चारही मजले चढल्या-उतरल्या. ऑपरेशन झालेल्या गुडघ्याने, कठड्याला धरून, एकेक पायरी. प्रत्येक दाराची बेल वाजवली आणि प्रत्येक दारात तेच सांगितलं. "रविवारी मी चंपावर खोटा आळ घेतला. टीव्ही दिवाळीपासूनच बिघडत होता, आणि मला ते माहीत होतं." कोणी म्हणालं, "अहो बाई, आम्ही विसरलो पण!" आनंदीबाई म्हणाल्या, "तुम्ही विसरलात. ती कशी विसरेल?" राहीच्या आईने त्यांना आत बसवलं, पाणी दिलं.

सावित्रीवहिनींच्या दारात त्या जरा जास्त वेळ थांबल्या. वहिनींनी ऐकून घेतलं. चेहरा उतरला. "आमचा मिक्सर..." त्या अडखळल्या. "खरं सांगायचं तर आमच्या ह्यांनी चटणीसाठी दहा मिनिटं सलग फिरवला होता. मी चंपाचं नाव घेतलं, कारण तेव्हा सगळ्या तिच्याकडेच बघत होत्या." दुसऱ्या दिवशी वहिनी स्वतः खालच्या वाडीत गेल्या.

चंपा लगेच आली नाही. तिने आठवडाभर सुट्टी घेतली, माहेरी देवरूखला जाऊन आली. मग एका सकाळी दार वाजलं. आनंदीबाईंनी दार उघडलं आणि त्या तिथेच वाट अडवून उभ्या राहिल्या. "वायच बाजूला व्हा, बाई," चंपा म्हणाली. "घर बघा किती घाण केलाव!" आनंदीबाई हसता हसता रडल्या.

मित्रहो, आपल्या घरांत रोज काही ना काही बिघडतं, फुटतं, हरवतं. त्या क्षणी आपली नजर कोणाकडे वळते, हे प्रत्येकाने स्वतःलाच विचारून पाहावं. ज्याला उलट बोलता येत नाही त्याच्याकडे ती वळत असेल, तर बिघाड आपल्यात आहे. आणि चूक झालीच, तर जितक्या लोकांसमोर आळ घेतला तितक्या दारांपर्यंत आपल्याच पायांनी जावं. गुडघे दुखले तरी!