मला कुणाला द्यायचे?

मित्रांनो, मी एक जुने शिलाई मशीन आहे. पायाने चालवायचे, लोखंडी, आणि उचलायला दोन धट्टीकट्टी माणसे लागतात असे. माझ्या काळ्या अंगावर पूर्वी सोनेरी वेलबुट्टी होती. आता ती डाव्या कोपऱ्यात तेवढी उरली आहे. बाकीची मास्तरांच्या बाहीने कधी पुसून नेली, ते त्यांनाही कळले नाही आणि मलाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे आम्ही भावंडे ओळीने उभी होतो, सगळी चकचकीत आणि सगळी अडाणी. सुई वरखाली करता आली म्हणजे शिवता आले, अशी आमची समजूत होती. ती समजूत मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात उतरवली.

मास्तर म्हणजे आमच्या गल्लीतले शिंपी. गल्लीच्या तोंडाशी, एका जिन्याखाली त्यांचे दुकान होते. एक गिऱ्हाईक आत आले की दुसऱ्याने बाहेर उभे राहावे, एवढीच जागा. सकाळी आल्या आल्या ते मला तेल देत, चाक हाताने फिरवून बघत आणि मगच स्वतः चहा घेत. कपडा शिवून झाला की आधी तो उलटा करीत आणि शिवणीवरून अंगठा फिरवीत. "वरून काय, कुणीही चांगलं दिसतं," असे त्यांचे म्हणणे. टीप जराशी वाकडी लागली, तर गिऱ्हाईक दारात उभे असले तरी ते उसवायला बसत. लोक त्यांच्या नावाने बोटे मोडत आणि पुढचा कपडा पुन्हा त्यांच्याकडेच आणत.

काजे-बटणे मास्तरांची बायको करी. सारी गल्ली तिला मावशी म्हणे. जीभ तिखट, पण मन लोण्याचे. "मास्तर सगळं उलटं करून बघतात, मला मात्र लग्नाआधी सरळच बघितलं म्हणून मी पास झाले," असे ती गिऱ्हाइकांना सांगायची आणि मास्तर ऐकू न आल्यासारखे करायचे. शाळेचे गणवेश, फ्रॉक, कामगारांचे शर्ट, काय काय म्हणून माझ्या सुईखालून गेले! त्यावर त्या दोघांचे घर चालले, मुलीचे शिक्षण झाले. माझी कुणी स्तुती केली की मास्तर माझ्या चाकावर थाप मारीत. मला ती आवडे.

मग मास्तर आजारी पडले. उठले, पण उजवा हात थरथरू लागला. सुईत दोरा जाईना. दुकान सोडावे लागले आणि मी त्यांच्या घरात खिडकीशी येऊन बसले. सुरुवातीला माझ्यावर चादर घालत. पुढे चादरीवर घड्या केलेले कपडे आले, कपड्यांवर वर्तमानपत्रे आली. मी मशीन आहे की टेबल, हे माझे मलाच कळेनासे झाले.

एकदा भंगारवाल्याने मला न्यायचा विषय काढला. मास्तर कधी आवाज चढवत नसत, त्या दिवशी चढवला.

"यानं माझं घर चालवलंय. हे भंगारात जाणार नाही. आता दुसऱ्या कुणाचं तरी घर चालवू दे."

मी त्यांना ओळखते. आपला हात थांबला हे त्यांच्या जिवाला लागले होते. निदान मी तरी थांबू नये, एवढेच त्यांना हवे होते.

पण द्यायचे कुणाला? गरजू बायकांना शिवण शिकवून पायावर उभे करणाऱ्या दोन संस्था गावात होत्या. ऐकीव गोष्टींवर मास्तरांचा विश्वास नव्हता. ते मावशीला घेऊन स्वतः दोन्हीकडे जाऊन आले, आणि त्या संध्याकाळी माझ्या शेजारी बसून त्यांचा चांगला वाद झाला. तो मी शब्दन्‌शब्द ऐकला, कारण विषय माझाच होता.

पहिली संस्था मोठ्या रस्त्यावर होती. फरशी लखलखीत, भिंतीवर फोटो, काचेच्या कपाटात तयार कपडे. मास्तरांनी त्यातला एक शर्ट मागून घेतला आणि आपल्या सवयीने उलटा केला. टीप अशी सरळ, की पट्टीने आखावी! त्यांचा जीव सुपाएवढा झाला. दुसरी संस्था एका गोदामामागच्या दोन खोल्यांत होती. जमिनीवर चिंध्या, दोऱ्यांचे गुंते, आणि कुणाचेही यांच्याकडे लक्ष नाही. तिथेही मास्तरांनी एक उशीचा अभ्रा उचलून उलटा केला. टीप वाट चुकलेल्या मुंगीसारखी इकडून तिकडे गेलेली. तिथल्या शिक्षिका म्हणाल्या की हे शिवणारी बाई नवीन आहे. मास्तरांनी अभ्रा खाली ठेवला आणि पायात चपला घातल्या.

मावशीचे मत वेगळे होते. तिथल्या बायका कामातून मान वर काढत नव्हत्या, मला तीच जागा बरी वाटली, असे ती म्हणाली. मास्तर हट्टाला पेटले. जिथे साधी सरळ टीप घालता येत नाही तिथे माझे मशीन द्यायचे काय, हाच त्यांचा धोशा. शेवटी मावशीने हात टेकले आणि मी मोठ्या रस्त्यावर गेले.

माझे स्वागत छान झाले. मास्तरांचा माझ्याबरोबर फोटो काढला. मग मला एका दालनात नेऊन ठेवले आणि वर निळे प्लॅस्टिकचे झाकण घातले. डावीकडे, उजवीकडे, समोर तशीच निळी झाकणे. मला वाटले, उद्यापासून वर्ग सुरू होणार. तो उद्या काही आला नाही. पाहुणे यायचे असले की झाकणे निघत, पाहुणे गेले की पुन्हा बसत. माझ्या शेजारच्या नव्या मशीनने अजून एक टाकासुद्धा घातला नव्हता. त्याला शिवणे म्हणजे काय, हे मी सांगायचे आणि ते मुकाट ऐकायचे. हळूहळू माझ्यातले तेल वाळले, पट्टा सैल पडला, चाकावर गंज चढला. भंगारात गेले असते तर निदान वितळून दुसरे काही झाले असते, असेही मनात येऊन गेले.

तिकडे घरी मावशीला चैन पडेना. लेक सासरी दिली तरी माणूस एकदा जाऊन बघतेच की, असे म्हणत तिने मास्तरांना उठवले. दोघे आगाऊ न कळवता आले. मास्तरांनी झाकण काढले आणि चाकाला हात घातला. चाक हलले नाही. मग तिथल्या व्यवस्थापकांना त्यांनी कपाटाकडे बोट दाखवून विचारले, "ते कपडे कुणी शिवले?"

व्यवस्थापक वाईट माणूस नव्हता, मित्रांनो. संध्याकाळी कुलूप लावताना तो आमच्याकडे बघून उसासा टाकायचा, हे मी कितीदा पाहिले होते. त्याने मान खाली घातली.

"विकत आणलेत, मास्तर. बघायला येणाऱ्यांना काहीतरी दाखवावं लागतं. लोक मशीन हौसेनं देतात. शिकवणाऱ्या बाईंचा पगार द्या म्हटलं की गप्प होतात. बाई मिळाल्या की वर्ग सुरू करू, असं मी तरी किती दिवस म्हणू?"

मास्तर मटकन माझ्या स्टुलावर बसले. शिंप्याने शिवण बघून माणूस ओळखायचा, ते नेहमीप्रमाणे ओळखायला गेले होते. पण इतकी सफाईदार टीप शिकाऊ हाताची असूच शकत नाही, हे त्यांच्या ध्यानातच आले नव्हते.

"माझी स्वतःची टीप पहिलं वर्षभर वाकडी यायची," ते मावशीला म्हणाले. "तो अभ्रा बघून मला कळायला हवं होतं, तिथं कुणीतरी शिकतंय."

"मी तुम्हांला तेव्हाच सांगत होते," असे म्हणायची ही नामी संधी होती. मावशीने ती सोडली. एवढ्या वर्षांत मी तिला अशी संधी सोडताना पाहिले नव्हते.

दिलेली वस्तू परत मागायला मास्तरांची जीभ रेटेना. तेव्हा तीच पुढे झाली. मशीन आम्ही परत नेतो म्हणाली, आणि तुमच्याकडे वर्ग सुरू होईल तेव्हा काजे शिकवायला मला बोलवा, मी पैसे घेणार नाही, असेही म्हणाली. व्यवस्थापकाला बरे वाटले असावे. त्याने बाह्या सरसावल्या आणि मला उचलायला एका बाजूने तोच लागला.

अशा रीतीने मी गोदामामागच्या दोन खोल्यांत आले. मास्तरांनी शेजारी बसून माझे सगळे भाग मोकळे करवले, रॉकेलने गंज काढवला, नवा पट्टा घालून घेतला. हात शिक्षिकेचे, नजर मास्तरांची. मग माझ्यासमोर एक बाई येऊन बसली. धुणीभांडी करून तिची बोटे सोलवटली होती. मुलांचे गणवेश शिवता आले तर पहाटेची चार घरे सोडता येतील, एवढाच तिचा हिशेब होता. ती पाय मारायला इतकी घाबरत होती, की मीच मनातून म्हटले, अगं बाई, मार, मी काही चावत नाही.

मी चालले. पुष्कळ दिवसांनी माझी सुई कापडातून आरपार गेली. काय सांगू तुम्हांला, मला रडता आले असते तर मी रडले असते.

टीप अर्थातच वाकडी आली. मास्तरांनी कापड ओढून घेतले, उलटे केले, आणि थरथरत्या हाताने स्वतःच उसवायला लागले. ती बाई शरमून उठू लागली. मावशीने त्यांच्या हातावर हात ठेवला.

"अहो, तिचं तिला उसवू द्या."

मास्तरांनी मावशीकडे पाहिले, मग त्या बाईकडे पाहिले. कापड तिच्या हातात परत दिले आणि स्टूल थोडे मागे सरकवले. तिने एकेक टाका उसवला, दोरा ओवला, पुन्हा पाय मारला. टीप पुन्हा वाकडीच आली, पण आधीपेक्षा थोडी कमी. दुसऱ्या दिवशी शिक्षिका कुलूप उघडायला आल्या, तेव्हा मास्तर दाराशी येऊन उभे होते.

मित्रांनो, तुमच्याकडेही कुणाला तरी द्यावे असे काही असेल. ते जरूर द्या. देण्याआधी विचारा, तुम्हांला नेमके काय कमी पडते आहे. आणि दिल्यावर एकदा सहज, न कळवता, जाऊन या. तिथे कदाचित जमिनीवर चिंध्या असतील, कुणाची तरी टीप वाकडी असेल आणि तुमच्याकडे मान वर करून बघायला कुणाला सवड नसेल. रागावू नका. तुमची वस्तू चांगल्या घरी पडली आहे.