गाडीचं नाक

साल एकोणीसशे एक्क्याण्णव. त्या साली नदीवरचा जुना पूल वाहून गेला आणि नव्या पुलाचं काम रेंगाळत बसलं. तेवढ्या काळात ज्याला पलीकडे टेकडीवर जायचं असेल, त्यानं पाणी जिथे उथळ होतं तिथून, दगडगोट्यांतून गाडी घालायची. त्या जागेला सगळे ‘उतार’ म्हणत. साध्या मोटारी तिथे मधोमध बंद पडायच्या, म्हणून ज्याला त्याला जीप हवीशी झाली.

थोरलीनं आणि धाकटीनं एकाच माणसाकडून सारख्याच जुन्या जीप घेतल्या. फरक फक्त रंगाचा. धाकटीची हिरवीगार, थोरलीची राखाडी. लहानपणापासून चांगला रंग धाकटीच्याच वाट्याला येतो, हे थोरलीनं तेव्हाही मनात नोंदवून ठेवलं.

थोरली कपडे शिवायची. मापाची टेप तिच्या गळ्यात इतकी असायची की ती काढली की तिचा गळा ओकाबोका दिसे. नवरा पुढच्या खोलीत घड्याळं दुरुस्त करी. दोघांच्या घरात सुई जागेवर, काटा जागेवर, आवाज म्हणाल तर टिकटिक आणि शिलाई. धाकटीच्या घरी बेकरी. तिचा नवरा भट्टी सांभाळायचा आणि सकाळी जीपमधून पाव पोचवायचा. त्या घरात मैद्याचा थर नाही अशी जागा नव्हती आणि कुणी ना कुणी कुणाला तरी हाक मारत नाही असा क्षण नव्हता.

आई पलीकडे टेकडीवर एकटी राहायची. तिचे गुडघे गेले होते. त्या वर्षी तिनं दोन्ही मुलींना सांगून टाकलं, “थंडी पडायच्या आत मी खाली येते. आता एकटीनं नाही व्हायचं.”

कुणाकडे येते, ते मात्र म्हणाली नाही. थोरलीनं मागची खोली रिकामी केली, खिडकीला नवे पडदे शिवले, आणि कुणी विचारायच्या आधीच सांगू लागली, “आई आमच्याकडे येणार.”

“तिनं सांगितलं का तसं?” नवऱ्यानं भिंगातून डोळा न काढता विचारलं.

“सांगायला कशाला हवं? थोरली कोण आहे?”

पण तिच्या मनात एक सल होता. मागच्या खेपेला ती आईला तपासणीसाठी खाली घेऊन आली, तेव्हा उताराच्या शेवटच्या दगडावर जीपचं तोंड आपटलं. आईचं डोकं काचेला लागता लागता राहिलं. आई एवढंच म्हणाली, “हिच्या गाडीचं नाक फार खाली आहे बाई. छोटीची गाडी कशी, पोटातलं पाणी हलत नाही.”

हे वाक्य थोरलीला महिनाभर टोचत होतं. तिनं आपली जीप बाजूनं पाहिली. खरंच, मागची बाजू उंच आणि पुढची वाकलेली, जणू कुणाची क्षमा मागत उभी आहे. मग काहीतरी निमित्त काढून ती बेकरीवर गेली. आवारात हिरवी जीप मागं ताडपत्री ओढून उभी होती. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून थोरलीनं गळ्यातली टेप काढली आणि पुढच्या चाकावरच्या कमानीची उंची मापली, मग मागच्या. दोन्ही सारख्या. बोटाचाही फरक नाही.

“ताई, काय मापतेस?” दारातून धाकटी म्हणाली. हात कोपरापर्यंत पिठात.

“काही नाही. गाडीवर कव्हर शिवावं म्हणते.”

“आमच्या?”

“आमच्या. गाड्या सारख्याच ना.”

धाकटीचा चेहरा जरा कसनुसा झाला. “ताडपत्री नको हं उघडूस, पाव आहेत,” असं म्हणून ती आत गेली. थोरलीला त्यात एकच दिसलं. यांनी गुपचूप गाडीचं काहीतरी करून घेतलंय आणि आपल्याला सांगायचं नाहीये.

दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याला घेऊन गॅरेजमध्ये गेली. मेकॅनिक मोठा बडबड्या माणूस. गिऱ्हाईकापेक्षा त्याच्या गाडीशी जास्त बोलायचा.

“पुढचं उचलायचंय म्हणता? त्याला लेव्हलिंग किट लागतं.” त्यानं फळीवर तीन वस्तू मांडल्या. एक लांब स्प्रिंगांची जोडी, आणि दोन जोड्या लोखंडी चकत्यांच्या, एक पातळ, एक जाड. “स्प्रिंगा बदलल्या तर काम चोख, पण वेळ लागेल, मागवाव्या लागतील. चकती म्हणजे स्प्रिंगच्या डोक्यावर टोपी. तेवढी गाडी पुढून वर.”

“जाड घाला,” थोरली म्हणाली.

“वहिनी, पातळ घ्या. कंपनीनं नाक मुद्दाम खाली ठेवलंय. मागं माणसं बसली, सामान भरलं की मागचं दबतं आणि गाडी आपोआप सरळ होते. रिकामी असताना सरळ केलीत, तर भरल्यावर आकाशातले तारे मोजत जाल.”

“माझ्या बहिणीची गाडी सरळ आहे. मी मापलीय.”

“रिकामी होती का भरलेली?”

“पावानं का कुठं गाडी दबते?”

थोरली गिऱ्हाइकाचं माप घ्यायची तेव्हा आधी खिसे रिकामे करायला लावायची. किल्ल्या, पाकिटं, रुमाल, सगळं टेबलावर. भरल्या खिशाचं माप घेऊन शिवलेली विजार कशी बसते, यावर ती तासभर बोलू शकली असती. त्या दिवशी तिला ते आठवलं नाही. नवरा म्हणाला, “अगं, त्याचं ऐक. त्याचा धंदा आहे.”

“तुम्ही तुमच्या साडूची बाजू घेऊ नका.”

“मी मेकॅनिकची घेतोय.”

“एकच झालं.”

मग जाडच ठरली. मेकॅनिकनं जीप जॅकवर घेतली, खाली टेकूला लोखंडी घोड्या लावल्या, पुढची चाकं काढली. शॉकॉपचे, म्हणजे धक्के झेलणाऱ्या दांड्याचे, नट गंजले होते, त्यांवर तेल सोडून तो मधेच चहा पिऊन आला. मग दांडा सुटला, चाकामागचा सांगाडा खाली आला आणि दबलेली स्प्रिंग सैल होऊन हातात आली. तिच्या डोक्यावर त्यानं चकती बसवली, पुन्हा सगळं वर दाबून पान्ह्यानं आवळलं. दुसऱ्या बाजूला तेच. शेवटी चाकं सरळ धावतात का ते तपासलं आणि म्हणाला, “दिव्यांचे झोतही खाली घेतलेत. पण मागं ओझं घालू नका.”

थोरलीनं टेप लावून पाहिलं. पुढं आणि मागं सारखंच. जीप ताठ उभी होती. तिला वाटलं, आता म्हण म्हणावं आईला.

ठरलेल्या दिवशी दोन्ही जीप टेकडीवर निघाल्या. धाकटीची आधीच गेलेली. थोरलीच्या नवऱ्यानं उतारात गाडी घातली, शेवटचा दगड आला, आणि नाक अलगद त्याच्यावरून गेलं. कुठे घासलं नाही. थोरलीनं नवऱ्याच्या दंडावर थाप मारली. लग्न झाल्यापासून चारचौघांत तिनं त्याला असं शिवलं नव्हतं.

वर आईच्या घरात शिरली आणि थबकली. बाहेरच्या खोलीत एक कपाट आणि आईची खुर्ची, बाकी मोकळं.

“आई, तुझं शिवणाचं मशीन कुठंय? आणि ती लोखंडी शेगडी?”

आईनं धाकटीकडे पाहिलं. धाकटीनं नखं कुरतडायला घेतली.

“ताई, ते आमच्या गाडीत आहे. आईची पितळी भांडीसुद्धा. खोलीला रंग देतोय ना, म्हणून उतरवलंच नाही अजून.”

“कधीपासून?”

“तू कव्हरचं माप घ्यायला आलीस ना, त्याच्या आधीपासून.”

थोरलीला दोन्ही गोष्टी एकदमच कळल्या. आईनं केव्हाच ठरवलं होतं. आणि त्या हिरव्या गाडीला कुठलीही चकती नव्हती. ती आईच्या सामानानं सरळ झाली होती. आपण भरल्या खिशाचं माप घेतलं. कुठल्या गोष्टीनं जास्त जळलं, हे तिला सांगता आलं नसतं. तिनं आईलाच विचारलं. “तिच्याकडेच का?”

“तू चिडशील.”

“चिडलेलीच आहे. सांग.”

आई खुर्चीत बसली. “तुझ्या घरी सगळं जागच्या जागी. मी एक वाटी उचलली की तू ती पुसून परत ठेवतेस. तिथे मी काय करू? हिच्याकडे पसारा आहे. मला आवरायला मिळेल.”

“मी पसारा करीन,” थोरली म्हणाली. आणि आपण काय बोललो ते ऐकून तिची तिलाच लाज वाटली.

आईनं तिच्या पाठीवर हात फिरवला. “तुला नाही जमायचं ते, बाळा. बरं, आज खाली मात्र मी तुझ्या गाडीतून येते.”

सगळे बाहेर आले. आईनं राखाडी जीपचा दांडा धरला, पाय उचलला. पायरी तिच्या गुडघ्याच्या वर आली होती. दुसरा पाय उचलून पाहिला. मग थोरलीच्या नवऱ्यानं न्हाणीतून बादली आणली आणि पालथी घातली.

“आई, हिच्यावर पाय ठेवा, मी धरतो.”

“जावईबापू, बादलीवर चढून मी शेवटची उडी मारली ती भिंतीवरची पाल हाकलायला. आता मला स्वर्गात एकदाच चढू द्या.” ती हसत हिरव्या जीपकडे गेली. पुढची पायरी खाली, कंपनीनं ठेवली होती तिथेच होती. तिच्यावर पाय ठेवून आई सहज बसली.

राखाडी जीपच्या वाट्याला कपाट आलं. भक्कम लाकडी कपाट मागं चढलं तशी जीप मागून खाली बसली आणि तोंड वर करून आभाळाकडे पाहू लागली. पुढच्या जीपमधून आईनं मान वळवून पाहिलं आणि धाकटीला म्हणाली, थोरलीला ऐकू जाईल एवढ्यानं, “बघ, कशी नाक वर करून येतेय.”

नवऱ्यानं स्टिअरिंग धरून हसू दाबलं. थोरलीनं तोंड खिडकीकडे फिरवलं. समोर तरी रस्ता दिसतच नव्हता, फक्त बॉनेट आणि ढग.

पुढं मेकॅनिकनं जाड चकत्या काढून पातळ घातल्या आणि त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. एवढ्या बडबड्या माणसाच्या मानानं हे फारच झालं. म्हातारपणी तो मुलाकडे परगावी गेला. नवा पूल झाल्यावर राखाडी जीप एका रोपवाटिकेनं घेतली. थोरलीच्या नवऱ्याची नजर मंदावली, त्यानं घड्याळं सोडली आणि रेडिओ ऐकत सुखानं म्हातारा झाला. बेकरी धाकटीच्या मुलीनं वाढवली. धाकटीचा नवरा अजून तिथे येऊन पावांना नावं ठेवतो.

आई शेवटपर्यंत धाकटीकडे राहिली आणि शेवटपर्यंत आवरत राहिली. तो पसारा काही संपला नाही. थोरली आठवड्यातून एकदा जायची, पिठाळलेल्या बाकावर हात मांडीत घेऊन बसायची. काहीही उचलायची नाही. याचे तिला किती कष्ट पडायचे ते आईला समोरून दिसायचं.

आई गेल्यावरही थोरली तिथे जाते. अजून तिला वाटतं, आई धाकटीचीच जास्त होती. ती हे धाकटीला तोंडावर सांगतेही. धाकटी पीठ मळता मळता म्हणते, “वाटू दे, ताई. चहा घेणार का?”