पावणेनऊला बंद, सव्वानऊला उघडं

आमची कंपनी लिफ्टची देखभाल करते. प्रत्येक तक्रारीचं एक तिकीट निघतं, आणि काम होईपर्यंत ज्याचं काम त्याला रोज सकाळी नऊला आठवणीची ईमेल जाते. ही सोय माझी. नवं तिकीट उघडलं की वेबहूकमार्फत, म्हणजे आपोआप, माझ्या प्रोग्रामला निरोप येतो आणि तो ईमेल लावून ठेवतो. बंद झालं की काढून टाकतो. दोन महिन्यांत ईमेल निम्म्याहून कमी झाल्या. "लोक सुधारले," साहेब म्हणाले. मीही हरभऱ्याच्या झाडावर चढले.

आज सहज मोजलं. उघडी तिकिटं एकेचाळीस, गेलेल्या ईमेल सहा.

समोर आमचे जुने मेकॅनिक बसले होते. त्यांना विचारलं.

"नऊची कटकट नको म्हणून पावणेनऊला तिकीट बंद करतो, सव्वानऊला परत उघडतो," ते म्हणाले. "सगळेच करतात."

परत उघडल्याचा निरोप ऐकायला मी प्रोग्रामला शिकवलंच नव्हतं. एकदा चुकवली की आठवण कायमची बंद.

यादी खाली सरकवली. 'ब्रेक झिजलाय, तातडीने बदला.' मुदत उलटून अकरा दिवस. पत्ता आईच्या इमारतीचा.

"हे तुमचं?"

"हो. परत उघडल्यावरही ईमेल आली नाही, मला वाटलं दुसऱ्या कुणी केलं असेल."

भडकायला मला तोंड कुठे होतं? ते पिशवी उचलून धावलेच. मी आईला फोन लावला. दोनदा नुसता वाजला. तिसऱ्यांदा तिने घेतला.

"लिफ्टमध्ये आहे, बोल."

"पुढच्याच मजल्याचं बटण दाब. उतर तिथे."

"अगं, मी सातव्यावर राहते."

"आई, दाब."

दार उघडल्याचा आवाज आला.

"उतरले. काय झालं?"

"ब्रेक खराब आहे. आमच्याकडे नोंद होती. अकरा दिवसांपूर्वीच बदलायला हवा होता."

ती म्हणाली, "कालच शेजारची बाळाला घेऊन माझ्याबरोबर वर आली. गोळ्या घेतल्यास का म्हणून मला दिवसातून चारदा विचारतेस, आणि हे सांगायचं राहिलं?"

रागावली असती तर बरं वाटलं असतं. ती दुखऱ्या गुडघ्याने जिना चढायला लागली, आणि फोन कानाला लावून मी तिची एकेक पायरी ऐकत राहिले.