एलियाहूवर खटला

सिकंदराबादेतल्या मिलकाबाई चौलकरांनी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला होता. समोर कुणी बोट नाचवून बोलू लागलं की अजूनही त्यांचं टाळकं फिरायचं. त्या रविवारी दुपारी त्यांच्याच घरात बोट नाचवत होते बिन्यामीन सर. ठाण्याहून आलेले, धर्मशास्त्र शिकलेले, आणि वयाने त्यांच्या लेकीएवढे.

लेकीचं, केतकीचं, दुसऱ्या दिवशी हृदयाचं ऑपरेशन होतं. बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, घरात असं संकट आलं की एलियाहू हनाबीला, त्या जुन्या संदेष्ट्याला, नवस बोलून मलिदा करतात. भिजवलेले पोहे, साखर, खोबरं, वेलची, वर पाच फळं, आणि ताटाभोवती बसून त्याची गाणी. मिलकाबाईंच्या आईने केलं, आजीने केलं. आज ताट तयार होतं आणि सर म्हणत होते, उचला ते.

"अर्पण फक्त जेरुसलेमच्या मंदिरात. तोरा हा आपला धर्मग्रंथ स्पष्ट सांगतो. मंदिर पडलं, अर्पण संपलं. हा शेजाऱ्यांकडून उचललेला नैवेद्य आहे. मी प्रार्थना म्हणणार नाही."

जमलेले सात पुरुष चटईकडे बघू लागले. हिब्रू धड वाचता येणारे एकटे सरच होते. मिलकाबाईंचा भाऊ अविनाश पुटपुटला, "जाऊ दे ना ताई. शिकलेला माणूस आहे."

केतकीचा चेहरा पडला. आठ दिवस पोर या मलिद्याच्या आशेवर तग धरून होती. मिलकाबाईंनी पदर खोचला.

"बरं. कायदा तर कायदा. मग पहिला आरोपी एलियाहू."

"काकू, काय बोलता!"

"कार्मेल डोंगरावर वेदी कुणी बांधली? तिच्यावर बैल कुणी चढवला? तेव्हा जेरुसलेमात मंदिर उभं होतं की नव्हतं?"

"होतं," सर म्हणाले.

"म्हणजे गुन्हा झाला."

"अहो, लोक देवाला विसरले होते! अशा वेळी संदेष्ट्याला तेवढ्यापुरती मुभा शास्त्रच देतं."

"हौ! लोक बुडायला लागले की नियम थांबतो. माझी पोर बुडतेय."

"तुम्ही संदेष्ट्या नाही."

"नाहीच. म्हणून बैल कापत नाही, पोहे भिजवते. देवाला एक दाणा चढवत नाही, त्याचं नाव घेऊन आम्हीच खातो. बैलवाला सुटला आणि पोहेवालीला शिक्षा? हा कुठला न्याय?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. सर लाल झाले, पिशवी उचलून दाराशी गेले.

"नक्को तर नक्को," मिलकाबाई म्हणाल्या, "पण चहा पिऊन जा."

ते गेलेच. मग मिलकाबाई त्यांच्या रिकाम्या जागेवर जाऊन बसल्या. त्या घरात बाईमाणूस तिथे कधी बसलं नव्हतं. आईच्या तोंडून ऐकलेले हिब्रू शब्द, निम्मे चुकीचे, त्यांनी खड्या आवाजात सुरू केले. तिसऱ्या ओळीला अविनाशने सूर धरला, मग बाकीच्यांनी.

गाणं संपल्यावर त्यांनी पहिली मूठ केतकीच्या हातावर ठेवली.

"आई, उद्या मी उठलेच नाही तर?"

मिलकाबाईंनी मलिद्यावर लेकीची बोटं मिटवली.

"तर माझ्या कोर्टात एलियाहूला कसलीच मुभा नाही. खा आता."